फ्री थ्रो: पाच सेकंदांत बसेल असं रुटीन

बास्केटबॉलमध्ये फ्री थ्रोआधीचं (फाऊलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटआधीचं) रुटीन ठरवताना आधी घड्याळ बघा. एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, १० सेकंद मिळतात, पण फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांत रेफरीने बॉल हातात दिल्यापासून फक्त ५. एनबीएच्या २०२१च्या प्लेऑफ्समध्ये (बाद फेऱ्यांमध्ये) स्टार खेळाडू यानिस अँटेटोकुम्पोला १०सुद्धा पुरेनात. प्रेक्षक मोठ्याने आकडे मोजायचे. यानिसची नक्कल फिबाच्या मॅचमध्ये केलीत तर शिट्टी वाजलीच म्हणून समजा!

एनबीएचा माजी खेळाडू स्टीव्ह नॅशची युक्ती बरी: बॉल मिळण्याआधीच तो रिकाम्या हातांनी शॉट मारून बघायचा. दीर्घ श्वास, खांदे सैल करणं हेही तेव्हाच उरकून घ्या. मग बॉल हातात आला की जमिनीवर त्याचे दोन टप्पे, नजर रिंगवर, गुडघे वाकवून लगेच शॉट. बॉल धरून नुसते रिंगकडे बघत राहिलात की हात आखडतो. सरावात मित्राला मोठ्याने आकडे मोजायला लावा, तेही पळून दम लागल्यावर.