कापसाच्या खोलीतलं मायनिंग आणि पेनड्राइव्हवरचं वॉलेट

दिवाळीत गावी गेलो की पानठेल्यावर एक-दोन पोरं हमखास गाठतात. "दादा, तुमी तं लय आधीपासून करून रायले. आमाले बी सांगा ना, बिटकॉइन कसं काढतात?" उभ्या-उभ्या दहा मिनिटांत सांगण्यासारखं ते नसतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो. माझं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. २०१३ च्या हिवाळ्यात मी मायनिंग, म्हणजे कॉम्प्युटरवर अशी डिजिटल नाणी काढणं, सुरू केलं. तेव्हा अमरावतीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो आणि सुट्ट्यांत घरी यायचो. जे कमावलं ते कसं कमावलं यापेक्षा जे गेलं ते कसं गेलं, हेच नव्या माणसाच्या जास्त कामाचं आहे.

आधी मायनिंग म्हणजे काय ते. कॉम्प्युटर फार अवघड गणित सोडवतो असं पोरांना वाटतं. खरं तर तो अंदाज लावत असतो. झालेल्या व्यवहारांचा एक गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, घ्यायचा, त्याला एक आकडा जोडायचा, सगळ्याचा मिळून हॅश, म्हणजे ठरलेल्या सूत्राने निघणारा एक लांबलचक आकडा, काढायचा आणि तो ठरलेल्या मर्यादेपेक्षा लहान आला का ते पाहायचं. नाही आला तर आकडा बदलून पुन्हा. हॅश काय येणार हे आधी कळत नाही, त्यामुळे ज्याचे प्रयत्न जास्त त्याला संधी जास्त. बिटकॉइनमध्ये साधारण दहा मिनिटांनी कोणातरी एकाचा आकडा लागतो आणि त्याला बक्षीस म्हणून नवी नाणी मिळतात. दर २०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे जवळपास दोन आठवड्यांनी, ही मर्यादा आपोआप कमी-जास्त होते. जगात मशिनी वाढल्या म्हणून नाणी जास्त निघत नाहीत, फक्त आपला वाटा घटतो. ही एवढी गोष्ट नीट कळली तर "आज इतके मिळाले म्हणजे वर्षाला इतके" असा गुणाकार कोणी करणार नाही. मी तो केला होता, वहीच्या मागच्या पानावर.

सातोशी नाकामोतो या नावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी बिटकॉइनचं नऊ पानी टिपण आलं आणि ३ जानेवारी २००९ ला पहिला ब्लॉक निघाला. तेव्हा साध्या प्रोसेसरवर काम भागायचं. पुढे लोक गेम खेळायची ग्राफिक कार्डं वापरू लागले आणि २०१३ मध्ये फक्त याच कामासाठी बनवलेल्या मशिनी, ज्यांना एसिक म्हणतात, बाजारात आल्या. म्हणजे मी शिरलो तेव्हा बिटकॉइन ग्राफिक कार्डाच्या आवाक्याबाहेर गेलं होतं. पण लाइटकॉइन आणि डिसेंबर २०१३ मध्ये निघालेलं डोजकॉइन यांची हॅशची पद्धत वेगळी होती, स्क्रिप्ट नावाची. तिला मेमरी जास्त लागते, म्हणून तिथे आमच्यासारख्या हौशी लोकांचं आणखी काही महिने चाललं. नागपूरला सीताबर्डीवर एक वापरलेलं रेडिऑन ग्राफिक कार्ड मिळालं. शिकवणीचे साठवलेले पैसे त्यात घातले.

गावी मशीन ठेवायला एकच खोली होती, आणि वेचणीच्या दिवसांत त्याच खोलीत कापूस. अर्ध्या खोलीत छतापर्यंत कापूस आणि कोपऱ्यातल्या टेबलावर झाकण काढलेला कॉम्प्युटर, असं ते दृश्य होतं. थंडीत खोली उबदार राहते याचंच मला कौतुक. आठ-दहा दिवसांनी आई म्हणाली, "काईतरी जळल्यावानी वास येऊन रायला." कार्डाच्या पंख्यात कापसाची तूस जाऊन गोळा झाली होती, पंखा जेमतेम फिरत होता आणि कार्ड हात लावू देत नव्हतं. वर्षभराचं पीक त्या मशीनपासून चार हातांवर होतं. आईने त्याच रात्री मशीन ओसरीत आणवलं. आजही एखादा पोरगा सांगतो की कुटाराच्या किंवा कापसाच्या खोलीत मशीन लावलंय, तेव्हा बाकी सगळं बाजूला ठेवून मी आधी त्याला ते हलवायला लावतो. खोली कोरी हवी, अर्थिंग तपासलेलं हवं, आणि पंखे आठवड्याला साफ व्हायला हवेत.

विजेचं गणित कागदावर करायला मला बाबांनी शिकवलं. माझं मशीन २५० वॅट ओढायचं. म्हणजे दिवसाला सहा युनिट, महिन्याला १८०. आमच्या घराचा सगळा वापर तेव्हा महिन्याला सत्तर युनिटच्या आत होता. नुसते युनिट वाढत नाहीत, शंभरच्या वर गेलं की दराचा टप्पाही बदलतो. पहिलं बिल आलं तेव्हा बाबांनी मागच्या वर्षीचं बिल शेजारी ठेवलं, फरक काढला आणि तेवढे पैसे माझ्याकडून घेतले. बरं केलं. घरचं बिल बाबा भरतात म्हणून ज्यांना मायनिंग फायद्याचं वाटतं, त्यांनी हे एकदा करून पाहावं.

आमच्या फीडरवर तेव्हा भारनियमन होतं. वीज गेली की काम थांबायचं, पण मी पूलमध्ये होतो त्यामुळे आधी केलेलं वाया जात नसे. पूलमध्ये हजारो जण मिळून अंदाज लावतात आणि ब्लॉक लागला की प्रत्येकाच्या मेहनतीप्रमाणे वाटणी होते. खरा त्रास रात्रीचा. थ्री फेज आली की शिवारातले सगळे पंप एकदम चालू व्हायचे, व्होल्टेज बसायचं आणि मशीन बंद-चालू होत राहायचं. एक पॉवर सप्लाय त्यातच गेला, मग स्टॅबिलायझर घेतला. इंटरनेटची अडचण मात्र वाटते तेवढी नव्हती. मायनिंगला डोंगलचा डेटा फारच थोडा लागतो. वॉलेटसाठी, म्हणजे नाणी सांभाळायच्या सॉफ्टवेअरसाठी, अख्खी ब्लॉकचेन (आजवरच्या सगळ्या व्यवहारांची वही) उतरवायची तर डेटा लागतो, ते काम मी अमरावतीच्या होस्टेलवर उरकून यायचो.

मार्चनंतर ओसरीतही जमेना. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि कूलरची ओली हवा सरळ मशीनवर सोडणं म्हणजे पट्ट्यांना गंज. त्याच वर्षी स्क्रिप्टसाठीही एसिक आले आणि माझ्या कार्डाचा वाटा जवळपास शून्यावर गेला. मायनिंग मी २०१४ च्या उन्हाळ्यात बंद केलं.

आता मुख्य गोष्ट. मिळालेली डोजकॉइन माझ्या कॉम्प्युटरवरच्या वॉलेटमध्ये होती. खरं म्हणजे नाणी वॉलेटमध्ये नसतातच. ती कोणाच्या नावे आहेत याची नोंद जगभर सगळ्यांकडे असते, आणि आपल्याकडे असते ती नोंद हलवायची गुप्त किल्ली, प्रायव्हेट की. ती एका फाइलमध्ये होती आणि ती फाइल विंडोजच्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये. बॅकअप घ्यावा हे मला माहीत होतं. जानेवारीत मी ती फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि पेनड्राइव्ह गोदरेजच्या कपाटात, सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवला. बाबा तेव्हा रोज रात्री हरभऱ्यात जागलीला जायचे. त्यांनी विचारलं, "पैसे तं दिसून नाई रायले. मंग तू राखून काय रायला?" मी पेनड्राइव्ह दाखवला. मला अगदी निर्धास्त वाटत होतं.

जूनमध्ये कॉम्प्युटर बिघडला. तालुक्याच्या दुकानात फॉरमॅटला दिला. दुकानदाराने डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डी ड्राइव्हची कॉपी काढून ठेवली, ते लोक तेवढंच काढतात, आणि आपणही तेवढंच सांगतो. लपलेलं फोल्डर गेलं. मी घरी येऊन पेनड्राइव्हवरची फाइल टाकली, दोन दिवस ब्लॉकचेन उतरू दिली, आणि शेवटी वॉलेट उघडलं तेव्हा त्यात चौथा हिस्सासुद्धा नव्हता.

का, ते समजायला मला महिना लागला. त्या काळची वॉलेटं शंभर किल्ल्या आगाऊ बनवून ठेवायची. प्रत्येक वेळी पैसे पाठवले की एक नवी किल्ली वापरली जायची, कारण नाणं मोडून उरलेले सुटे नव्या पत्त्यावर परत येतात. तुम्ही शंभराची नोट देऊन वीस रुपयांचे तर्री पोहे घेतले, तर उरलेले ऐंशी त्याच खिशात न जाता दरवेळी नव्या शिवलेल्या खिशात जातात, असं समजा. डोजकॉइनवाले आपसात कौतुक म्हणून थोडी-थोडी नाणी पाठवत, मीही पाठवायचो, दिवसाला पाच-सहा वेळा. जानेवारीनंतर शंभरच्या कितीतरी पुढे गेलो होतो. जानेवारीच्या पेनड्राइव्हला जूनच्या खिशांचा पत्ताच नव्हता. चोरी झाली नव्हती, कोणी फसवलं नव्हतं. नोंदी अजूनही तिथेच आहेत, सगळ्यांना दिसतात. उघडणारी किल्ली मात्र आता कोणाकडेच नाही.

आजची वॉलेटं यातून सुटली आहेत. आता सगळ्या किल्ल्या एकाच बीजातून निघतात आणि ते बीज बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्दांत लिहून घेता येतं. हे शब्द २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतले असतात. बॅकअप एकदाच घ्यायचा, पुढचे सगळे खिसे त्यात येतात. म्हणूनच ते बारा शब्द म्हणजे सगळी रक्कम, हे डोक्यात पक्कं बसू द्या. ते कागदावर लिहा. मोबाइलने फोटो काढू नका, फोटो आपोआप इंटरनेटवर चढतात आणि ईमेलचा पासवर्ड फुटला की शब्दही गेले. आपल्याकडे कागदाला उधळी लागते आणि पावसाळ्यात ओल येते, म्हणून दोन प्रती करा, प्लास्टिकमध्ये घाला आणि दोन वेगळ्या घरांत ठेवा. माझी दुसरी प्रत बहिणीकडे आहे. कस्टमर केअरचा म्हणून कोणी कितीही गोड बोलला तरी ते शब्द सांगायचे नाहीत. खऱ्या माणसाला त्यांची गरज कधीच पडत नाही. पैसे पाठवताना पत्ता कॉपी-पेस्ट केला तरी पुढची-मागची सहा-सात अक्षरं जुळवून पाहा, मधल्यामध्ये पत्ता बदलणारे व्हायरस असतात. मोठ्या रकमेआधी एकदा छोटी रक्कम पाठवून पाहा.

एक्स्चेंजवर, म्हणजे नाणी विकत घ्यायच्या-विकायच्या साइटवर, ठेवलेली नाणी तुमची नसतात, एक्स्चेंज तुमचं देणं लागतं इतकंच. फेब्रुवारी २०१४ मध्ये जपानचं माउंट गॉक्स बंद पडलं तेव्हा साडेआठ लाखांच्या आसपास बिटकॉइन गेल्याचं जाहीर झालं. त्यातली दोन लाख नंतर सापडली, आणि लोकांना बिटकॉइन परत मिळायला २०२४ उजाडलं. खरेदी-विक्रीपुरतं तिथे ठेवा, लॉगिनला एसएमएसऐवजी मोबाइलवरच कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप लावा, आणि भारतात एफआययूकडे (पैशांच्या संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणारी केंद्राची यंत्रणा) नोंदणी असलेलंच एक्स्चेंज निवडा.

ट्रेडिंगबद्दल थोडक्यात. रिझर्व्ह बँकेने २४ डिसेंबर २०१३ ला पहिला इशारा दिला, एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं, आणि ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० ला रद्द केलं. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि वर सेस, तर १ जुलै २०२२ पासून विक्रीवर एक टक्का टीडीएस आहे. एका नाण्यात ४०,००० मिळाले आणि दुसऱ्यात तेवढेच गेले तरी कर पूर्ण ४०,००० वर लागतो, म्हणजे १२,००० आणि सेस. तोटा वजा होत नाही. मायनिंगच्या विजेचा खर्चही वजा होत नाही. रोज पाच सौदे करणाऱ्या पोरांना मी फक्त हे मांडून दाखवतो. आणि अनोळखी माणसाकडून थेट खात्यात पैसे घेऊन नाणी विकू नका. ते पैसे कुठल्या तरी फसवणुकीतले निघाले तर तुमचं खातं गोठतं. गावातल्या एकाचं असं खातं ऐन पेरणीत दोन महिने बंद होतं, त्यात सोयाबीनचे पैसे होते. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. दरमहा दहा टक्के देतो म्हणणारा तालुक्याच्या हॉटेलात मीटिंग घेत असेल तर घरातल्या मोठ्यांनाही तिथे जाऊ देऊ नका.

आता मायनिंग करावं का? गावात, घरी, नाही. इथेरियम या दुसऱ्या मोठ्या नाण्याने १५ सप्टेंबर २०२२ ला मायनिंगच बंद केलं, त्यामुळे ग्राफिक कार्डाला मोठं काम उरलं नाही. बिटकॉइनचं एक चांगलं मशीन तीन-सव्वातीन किलोवॅट ओढतं, म्हणजे जवळजवळ पाच एचपीचा पंप वर्षभर रात्रंदिवस चालवल्यासारखं. एप्रिल २०२४ पासून ब्लॉकचं बक्षीस ३.१२५ बिटकॉइनवर आलं आहे, २००९ मध्ये ते ५० होतं. शेतीच्या कनेक्शनवर मशीन लावायची कल्पना दरवर्षी कोणीतरी मांडतो. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर आहे आणि आकारणी बाबांच्या नावावर येते.

शिकायचं असेल तर मात्र खूप आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत. पायथॉनमध्ये चार ओळींत हॅश काढून पाहा, एक अक्षर बदला आणि सगळा आकडा कसा बदलतो ते बघा. लिनक्स, नेटवर्क आणि तापलेल्या मशिनी सांभाळणं मी ओसरीत शिकलो, आणि नागपुरात सर्व्हरचं पहिलं काम मला त्याच जोरावर मिळालं.

बिटकॉइनचं टेस्टनेट नावाचं सरावाचं जाळं आहे, तिथल्या नाण्यांना किंमत नसते. जो पोरगा विचारायला येतो त्याला मी टेस्टनेटचं वॉलेट बनवायला लावतो, थोडी नाणी पाठवतो, शब्द कागदावर लिहायला सांगतो आणि मग माझ्यासमोर ॲप काढून टाकायला लावतो. कागदावरून सगळं परत आलं तर पुढचं बोलायचं. यंदा दिवाळीत एकाचा हात ॲप काढताना थबकला, आणि नंतर सातवा शब्द त्याचा त्यालाच वाचता येईना. यादीतल्या कोणत्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी नसतात, तेवढ्यावरून आम्ही तो शोधून काढला. नाणी दिसल्यावर त्याने तो कागद फाडला, घरी गेला आणि संध्याकाळी सुवाच्य अक्षरात दोन प्रती लिहून घेऊन आला.