सिंटर्ड पार्ट लवकर झिजतोय? या चुका टाळा

सिंटर्ड पार्ट, म्हणजे धातूची पावडर साच्यात दाबून भट्टीत भाजून घट्ट केलेला पार्ट, झिजून परत आला की पहिला फोन हीट ट्रीटमेंटवाल्याला जातो. तो हार्डनेसचा रिपोर्ट पुढे करतो. रिपोर्ट बरोबर असतो, मग सगळं खापर पावडरवर फुटतं. घोळ बहुतेक वेळा वेगळाच असतो: सिंटर्ड पोलादाला आपण भरीव बारच्या मापाने मोजत असतो. भरीव पोलादाची घनता ७.८५ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर, आणि दाबून सिंटर केलेला नेहमीचा पार्ट ७.० च्या आसपास. म्हणजे दहातला एक भाग नुसती पोकळी. त्या पोकळीचा हिशोब न धरता काढलेला कुठलाही निष्कर्ष लंगडाच.

रॉकवेलवर आंधळा विश्वास

रॉकवेल या हार्डनेस चाचणीचा टोकदार हिरा पोलाद आणि छिद्रं दोन्ही एकत्रच दाबतो. त्यामुळे ३०-३५ एचआरसी (रॉकवेलचं माप) दाखवणाऱ्या पार्टमधले कण प्रत्यक्षात ५५ च्या वर असू शकतात. घासली जाते ती त्या कणांची कातडी, सरासरी नव्हे. याची उलट बाजू जास्त धोक्याची. फर्नेसचं वातावरण बिघडून पृष्ठभागाचा कार्बन उडाला, तर वरचा अगदी पातळ थर मऊ पडतो. हिरा त्याच्या आरपार जाऊन खालचा कडक भाग मोजतो. हार्डनेस ओके, झीज नॉट ओके!

उपाय: पार्ट कापा, व्हॅक्यूममध्ये रेझिन भरून माउंट करा आणि कडेपासून आत एचव्ही ०.१ ने (अगदी हलक्या भाराच्या विकर्स हार्डनेस चाचणीने) मोजत जा, ठसा छिद्रापासून लांब ठेवून. पॉलिशिंगला कंजुषी केली तर छिद्रं पुसली जातात आणि फोटोत घनता आहे त्याहून छान दिसते. ४ टक्के निकेल, १.५ टक्के तांबं, ०.५ टक्के मॉलिब्डेनमची डिफ्यूजन-अलॉइड पावडर (लोखंडाच्या कणांना हे धातू वरून चिकटवलेली) असेल, तर निकेलचे मऊ डाग मिळणारच. एखादा आकडा घसरला म्हणून लॉट स्क्रॅप करू नका.

क्रोमियम आणलं, फर्नेस तीच

३ टक्के क्रोमियमची पावडर नेहमीच्या एंडोगॅसच्या (इंधन वायूपासून बनवलेल्या भट्टीतल्या वायूच्या) बेल्ट फर्नेसमध्ये, ११२० अंशांना, तांब्याच्या ग्रेडच्या सेटिंगवर चालवली की कणांवरचं ऑक्साइड निघत नाही, उलट वाढतं. कणाकणातले सांधे कच्चे राहतात. घासताना अख्खे कण उपटून येतात आणि तेच कण मग एमरीसारखे दोन्ही पृष्ठभाग खरवडतात. इथे हार्डनेस वाढवून काही साधत नाही. कोरडं नायट्रोजन-हायड्रोजन वातावरण हवं, ड्यू पॉइंटवर (वायूतल्या ओलाव्याच्या मापावर) रोज नजर हवी, आणि जमलं तर सिंटरिंगचं तापमान वाढवायला हवं.

ट्रीटमेंटचा क्रम चुकणं

स्टीम ट्रीटमेंट, म्हणजे पार्ट वाफेत तापवणं, ५०० ते ५७० अंशांना होते आणि छिद्रांच्या तोंडाशी मॅग्नेटाइटचा (लोहाच्या ऑक्साइडचा) कडक थर धरते. झिजेसाठी उत्तम. पण आधी क्वेंच केलेला (तापवून एकदम थंड केलेला) पार्ट तिथे घातला तर मार्टेन्साइट, म्हणजे क्वेंचने आलेली कडक रचना, टेम्पर होऊन कमावलेला कडकपणा जातो. स्टीमनंतर ग्राइंडिंग केलं तर काही मायक्रॉनचा तो थर चाकाखालीच संपतो. तेल भरायचं असलेल्या पार्टला बोथट चाक लावलं की धातू छिद्रांवर सारवला जातो. तेल आतच कोंडतं, वर कोरडं घर्षण.

सॉल्ट बाथ (वितळलेल्या मिठात पार्ट तापवणं) नकोच. छिद्रात शिरलेलं मीठ काही केल्या पूर्ण निघत नाही आणि पुढे कधीतरी पॅकिंगमध्येच गंज फुटतो.

वजनावरून झीज मोजणं

पिन-ऑन-डिस्क चाचणीत पिन फिरत्या चकतीवर घासतात: चाचणीआधी वजन, चाचणीनंतर वजन, वजाबाकी केली की झीज. भरीव धातूला हे चालतं. सिंटर्ड पिन मात्र तेल पितो आणि आपलाच चुरा पोटात ठेवतो. मी एकदा चाचणीनंतर वजन वाढलेलं पाहिलं होतं. तेव्हा तराजूलाच शिव्या घातल्या. तेल सॉल्व्हंटने पूर्ण काढून, ओव्हनमध्ये वाळवून मगच वजन घ्या. त्याहून बरं म्हणजे चरा किती खोल आणि रुंद पडला ते प्रोफाइलोमीटरने (पृष्ठभागाचे उंच-सखल मोजणाऱ्या यंत्राने) मोजून घनफळ काढा.

गिअरसाठी तर ही चाचणी अपुरीच. तिथे दाताच्या पृष्ठभागाखालच्या छिद्रातून थकव्याची चीर निघते आणि पिटिंग होतं, म्हणजे पृष्ठभागाला खड्डे पडतात. दातांवर रोलिंग करून वरचा थर घट्ट करणं हा त्यावरचा इलाज, जास्त कार्बन नव्हे.

पुरावा धुऊन टाकणं

परत आलेला पार्ट डिझेलने चकाचक धुऊन लॅबला पाठवतात. तो चुराच तर हवा असतो! तांबूस-तपकिरी बारीक भुकटी असेल तर ऑक्सिडेशनची सौम्य झीज, बहुधा वंगण कमी पडलेलं. चमकदार पापुद्रे असतील तर थर सोलून निघताहेत, म्हणजे भार किंवा घनता बघा. सरळ लांब ओरखडे असतील तर बाहेरची धूळ किंवा उपटलेले कण. चुरा एका कागदात गोळा करा, पार्टवर घासण्याची दिशा मार्करने दाखवा, आणि मगच धुवा.