पंप हवा ओढतोय, पण कुठून?

गळती म्हटलं की नवीन माणूस ओल शोधत फिरतो. शिडाच्या बोटीच्या डिझेल इंजिनात पंप समुद्राचं पाणी थंडाव्यासाठी ओढतो आणि ते एक्झॉस्टमधून बाहेर पडतं. पाणी आत घेणाऱ्या बाजूला ओल शोधण्याचा फारसा उपयोग होत नाही. सीकॉकपासून (बोटीच्या तळातून पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह) पंपापर्यंतच्या लाइनवर ओढ असते. इंजिन चालू असताना सैल जोडातून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. विहिरीवरची मोटर हवा धरताना ज्यानं पाहिलीय त्याला हे वेगळं सांगायला नको.

एक्झॉस्टचं पाणी तुटक येतं, वाफ दिसते, आरपीएम वाढवले की टेंपरेचर चढतं. मग बहुतेक जण आधी इम्पेलर, म्हणजे पंपातलं पात्यांचं रबरी चाक, बदलतात. तो उघडून बघाच. पात तुटली असेल तर तुकडा हीट एक्स्चेंजरच्या (समुद्राच्या पाण्यानं इंजिनाची उष्णता काढून घेणारा भाग) तोंडाशी सापडतो, तोही काढायला हवा. पण पाती धड असतील तर दोष दुसरीकडे आहे.

माझा पहिला संशय स्ट्रेनरच्या, म्हणजे सीकॉक आणि पंपाच्या मधल्या गाळणीच्या, झाकणावर. मुंबईत पावसाळ्यात बोटी वर काढतात. तेवढ्या काळात झाकणाची ओ-रिंग (रबरी कडी) सुकून चपटी होते. शिवाय जाळी साफ करताना खाचेत वाळूचा कण राहतो, तो डोळ्यांना दिसत नाही, बोट फिरवलं की नखाला लागतो. खाच पुसायची, ओ-रिंग नवी घालायची, सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवायचा. झाकण पान्यानं करकचून आवळू नका. पारदर्शक झाकणाला तडा गेला की तिथूनही हवाच जाणार.

तरी भागलं नाही, तर सीकॉक बंद करून स्ट्रेनर आणि पंपाच्या मधे पारदर्शक होज (नळी) बसवा. सीकॉक उघडून इंजिन चालू केलं की बुडबुडे सरळ दिसतात. आता पुन्हा सीकॉक बंद करून होजचं स्ट्रेनरकडचं टोक समुद्राच्या पाण्यानं भरलेल्या बादलीत सोडा. बुडबुडे थांबले तर दोष स्ट्रेनरमध्ये किंवा त्याच्या मागे, सीकॉककडे. होजमध्ये बुडबुडा नाही आणि पाणी तरी तुटक, तर पंपाचं कव्हर आणि त्याचं गॅस्केट बघा. संशयाच्या क्लॅम्पवर दाढीचा फेस लावायची युक्तीही चांगली चालते: जिथं हवा जाते तिथं फेसाला खळगा पडतो.

इंजिन बंद आणि सीकॉक उघडा असताना मात्र वॉटरलाइनखालचा (बोट पाण्यात बुडते त्या रेषेखालचा) सैल जोड ठिबकतो, सुकला की पांढरं मीठ धरतो. वरचा जोड कोरडाच राहतो, म्हणून तोच जास्त छळतो.

बोट कलली की बुडबुडे आणि सरळ झाली की बंद, असं असेल तर जोड खोलत बसू नका. पाणी घेण्याचं तोंडच पाण्याबाहेर येतंय.

या खटाटोपात इंजिन पकडत नसेल तर सीकॉक उघडा ठेवून स्टार्टर मारत राहू नका. एक्झॉस्टचा जोर नसताना मफलर पाण्यानं भरतो आणि पाणी सिलिंडरपर्यंत चढतं. आणि काम झालं की तो पारदर्शक होज काढा. साधा असेल तर गरमीनं मऊ पडतो, ओढीनं चपटा होतो. त्या जागी आत तार असलेला होज, दोन्ही टोकांना दोन-दोन क्लॅम्प.