उन्हाळी पालेभाजी : विहीर आटली म्हणून नाल्यावर मोटार टाकू नका

होळी झाली की विहिरी तळाला जातात आणि नाल्याकाठी मोटारी दिसू लागतात. कारखान्यांच्या किंवा शहराच्या खालच्या अंगाचा नाला भर चैत्रातही वाहतो. तो कशाने वाहतो, हे गावाला माहीत असतं. तरी त्याच पाण्यावर पालक, माठ, मेथी होते, कारण भाव उन्हाळ्यातच असतो.

या पाण्यावर पीक वाळत नाही, उलट सांडपाण्यातल्या नत्रामुळे पालक काळाभोर, रुंद पानाचा येतो. प्लेटिंग (धातूवर मुलामा), बॅटरी, रंग यांच्या कारखान्यांच्या सांडपाण्यातून कॅडमियम हा विषारी धातू येतो आणि पालेभाजी ते मुळातून थेट पानात ओढते. माणसाला घातक ठरेल इतकं साचलं तरी पानावर ठिपकाही दिसत नाही. धुतल्याने धूळ जाते, पानाच्या आतलं जात नाही. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचा माल खरेदीदाराने तपासून परत पाठवला. उभ्या पालकात नांगर घालावा लागला. पाण्याची तपासणी त्याने कधीच केली नव्हती.

जपानमध्ये कामिओका खाणीचं कॅडमियम असलेलं पाणी जिंझू नदीत आणि तिथून तोयामा प्रांतातल्या भातखाचरांत गेलं. वर्षानुवर्षं तो भात खाणाऱ्या बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली, हाडं इतकी ठिसूळ झाली की जरा हलल्यानेही मोडत. रोगाचं नावच ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. सरकारने तो प्रदूषणाचा रोग म्हणून १९६८ साली मान्य केला. त्या शेतांची माती बदलण्याचं काम २०१२ पर्यंत चाललं. जपानमधल्याच काकेहाशी नदीच्या खोऱ्यात आणि बेल्जियममध्ये जस्त वितळवण्याच्या कारखान्यांजवळ माणसांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली गेली. जितकं कॅडमियम अंगात जास्त, तितकं मरणाचं प्रमाण जास्त आढळलं.

मूत्रपिंडात शिरलेलं कॅडमियम निम्मं व्हायला १० ते ३० वर्षं लागतात. अंगात लोह कमी असलं की ते जास्त शोषलं जातं, म्हणजे रक्त कमी असलेल्या बायकांना धोका सर्वांत मोठा. खाण्यातून अंगात जाणाऱ्या कॅडमियमची जागतिक मर्यादा महिन्याला किलो वजनामागे २५ मायक्रोग्रॅम. ५० किलोच्या बाईला महिन्याला सव्वा मिलिग्रॅम. पालेभाजीत किलोला ०.२ मिलिग्रॅम ही कोडेक्सची, म्हणजे अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेची कमाल मर्यादा. एवढं असलेली भाजी रोज २०० ग्रॅम खाल्ली, तर भात-भाकरी धरायच्या आधीच मर्यादा जवळपास भरते. आणि आपण पिकवलेला पालक आपल्या घरात रोज शिजतो.

म्हणून पेरणीआधी पाणी तपासा. सिंचनाच्या पाण्यात लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅडमियम निघालं, तर त्यावर पालेभाजी नको. झेंडू, शेवंती घ्या. तंबाखू अजिबात नको, ती कॅडमियम फार ओढते. माझा अंदाज असा, की नाल्याच्या वळणावरचा काळा गाळ पाण्याहून वाईट. खत म्हणून तो वाफ्यात टाकू नका.

आम्ल जमिनीत पीक कॅडमियम जास्त उचलतं. कोकणातल्या जांभ्या मातीत सामू (पीएच) कमी असेल तर तपासणीप्रमाणे चुना द्या. जमिनीत जस्त (झिंक) ०.६ पीपीएमच्या (दहा लाखांत ०.६ भागाच्या) खाली असेल तर एकरी १० किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून द्या. जस्त कमी असलं की कॅडमियम आत शिरायला वाट मिळते. सुट्टं, स्वस्त झिंक घेऊ नका. नियमाप्रमाणे झिंक सल्फेटमध्येही कॅडमियम ०.००२५ टक्क्यांच्या आत हवं. शहरी कंपोस्टला किलोला ५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, त्याचा अहवाल मागा. डीएपी, सुपर फॉस्फेटच्या खडकातही कॅडमियम असतं, तेव्हा स्फुरद तपासणीइतकंच द्या. दुकानदार ‘जमीन शुद्ध करणारं’ महागडं द्रावण पुढे करेल. पैसे घालवू नका. नाल्याचं पाणी चालूच असेल तर कुठलाही कॅन त्यावर पुरा पडत नाही.

बाकी कामं :
- पालक : ऑल ग्रीन जात, एकरी १० ते १२ किलो बियाणं
- कोथिंबीर : धणे रगडून, १२ तास भिजवून
- पाणी सकाळी किंवा संध्याकाळी, हलकं
- दुपारच्या उन्हात काढणी नको

तपासणीसाठी प्लास्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून एक लिटर पाणी भरा. मोटार दहा मिनिटं चालल्यावरच घ्या. मृद आरोग्य पत्रिकेत कॅडमियम नसतं, म्हणून प्रयोगशाळेत ‘कॅडमियम तपासा’ असं चिठ्ठीवर लिहूनच बाटली द्या.