लहान मुलांना नवीन चित्रपुस्तक वाचून दाखवताय? मग या चुका टाळा

"एवढी छान पुस्तकं आणली पण आमचा बसतच नाही हो ऐकायला." आमच्या सोसायटीतल्या छोट्यांना मी रविवारी पुस्तकं वाचून दाखवते, त्यामुळे ही तक्रार सारखी कानावर येते. आणि जरा खोदून विचारलं की बहुतेक वेळा लक्षात येतं की मुलाचं काहीच बिघडलेलं नाहीये, आपणच फक्त अक्षरं वाचतोय आणि चित्रं नुसती उलटून टाकतोय.

सगळ्यात मोठी चूक हीच. चित्रपुस्तकात निम्मी गोष्ट चित्रात असते, शब्दात लिहिलेलीच नसते. समजा पानावर एकच ओळ आहे, "आजी पोळ्या लाटत होती", आणि चित्रात आजीच्या पाठीमागे मांजर ओट्यावर चढून दुधाच्या पातेल्यात तोंड घालतंय. आई-बाबा ती ओळ तीन सेकंदात वाचून पान उलटायला जातात आणि मूल पानावर हात दाबून ठेवतं, मग आपण म्हणतो की बघा, लक्षच देत नाही. अहो तेच तर लक्ष देतंय, मांजर त्याने पाहिलंय, तुम्ही नाही! म्हणून ओळ वाचून झाली की गप्प बसा. खरंच काही बोलू नका, मुलाची नजर चित्रावरून फिरू द्या, ते बोट ठेवेल, काहीतरी म्हणेल, मग तुम्ही बोला. आमच्याकडे साडेतीन वर्षांची एक मुलगी प्रत्येक पानाचा खालचा कोपरा आधी बघते, एका पुस्तकात तिथे मुंग्यांची रांग होती आणि ती रांग पानागणिक पुढे सरकत होती, हे आम्हा मोठ्यांपैकी एकालाही दिसलं नव्हतं, तिने दाखवलं तेव्हा सगळी पोरं पुस्तकावर तुटून पडली आणि आम्ही परत पहिल्या पानापासून सुरुवात केली.

त्यामुळे नवीन पुस्तक मुलासमोर उघडायच्या आधी एकदा एकट्याने बघून घ्या. मुखपृष्ठ, आतलं कोरं वाटणारं रंगीत पान, मागचं कव्हर, सगळं. चित्रकार लोक तिथेही काय काय लपवून ठेवतात.

दुसरी चूक म्हणजे परीक्षा घेणं. हा कोणता रंग, हत्तीला इंग्लिशमध्ये काय म्हणतात, किती फुगे आहेत मोजून दाखव बरं. एखादवेळी ठीक आहे, पण दर पानाला हे सुरू झालं की मुलाला कळतं की गोष्टीच्या नावाखाली अभ्यास चाललाय आणि ते उठून जातं, आणि बरोबरच आहे त्याचं. त्याऐवजी "आता हा काय करेल गं?" किंवा "हिचं तोंड असं का झालंय?" असं विचारा, ज्याचं उत्तर तुम्हालाही आधी ठरवता येत नाही. आणि शेवटी तात्पर्य सांगू नका प्लीज. गोष्ट संपल्यावर "म्हणून आपण कधी खोटं बोलायचं नाही हं" म्हटलं की गोष्टीचा सगळा रंगच उडतो.

खरेदीतही गडबड होते. चित्रपुस्तक असतं पातळ, १६ ते ३२ पानांचं, मग वाटतं एवढ्याशा पुस्तकाला एवढे पैसे कशाला, आणि आपण शेजारचं जाडजूड "१०१ बोधकथा" टाइप पुस्तक उचलतो, ज्यात प्रत्येक पानावर तोच कॉम्प्युटरवर काढलेला सिंह असतो आणि बारीक अक्षरांची गर्दी. दोन-तीन वर्षांच्या मुलाला त्यात बघायला काही नाही. मराठीत छान चित्रपुस्तकं आहेत हो, ज्योत्स्ना प्रकाशनाची बघा, माधुरी पुरंदरे स्वतः लिहितात आणि चित्रंही स्वतः काढतात, २०१४ ला त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळालाय. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालिकेतली पुस्तकं खिशाला परवडतात, प्रथम बुक्सचीही. वयाचा शिक्का बघूनच घ्यायचं असं काही नाही, पानावर मजकूर किती आहे आणि चित्रात बघण्यासारखं किती आहे ते बघा.

फोनवरून वाचणाऱ्यांसाठी एक. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर साइटवर २०१५ पासून मराठी गोष्टीही फुकट मिळतात, चार लेव्हल आहेत, छोट्यांसाठी पहिली लेव्हल घ्या, त्यात एका पानावर एखाददुसरं सोपं वाक्य असतं. पण मोबाइलवर चित्र एवढंसं दिसतं, मुंग्या कुठून दिसणार? लॅपटॉप किंवा टीव्हीवर लावा, नाहीतर आवडलेल्या गोष्टीची पीडीएफ प्रिंट काढून पिना मारा, तसं करायला तिथे परवानगी आहे.

आता नेहमीच्या अडचणी. वर्षाचं बाळ पुस्तक तोंडात घालतं, घालू दे, जाड पुठ्ठ्याची पानं असलेलं द्या, त्या वयात पुस्तकाशी ओळख अशीच होते. दोन वर्षांचं मूल भराभर पानं उलटतं, तर मजकूर सोडून द्या आणि ते जिथे थांबेल त्या चित्राबद्दल तुमच्या शब्दात बोला. वाचताना फिरत राहणारं मूलही ऐकत असतं, मध्येच एखादं वाक्य मुद्दाम चुकवून बघा, लगेच येऊन दुरुस्त करतं की नाही. रोज तेच पुस्तक हवं असतं? वाचा की, कंटाळा आपल्याला येतो, त्याला पुढे काय होणार हे माहीत असण्याचीच मजा वाटत असते. पुस्तकाची भाषा घरात बोलत नसाल तर तुमच्या बोलीत सांगा, वऱ्हाडीत, मालवणीत, काही फरक पडत नाही. आणि पुस्तकं फाटतील म्हणून वरच्या फळीवर ठेवू नका, फाटू देत, हाताला येईल अशा खालच्या कप्प्यात ठेवा, कव्हर दिसेल अशी, कारण मूल कडेवरचं नाव वाचून पुस्तक शोधत नाही.

नातवंडं परदेशात आणि आजी-आजोबा इकडे असतील तर व्हिडिओ कॉलवर पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरून वाचायचा प्रयत्न बरेच जण करतात आणि पाच मिनिटांत मूल पळून जातं, कारण चित्र हलतं, चमकतं, नीट दिसतच नाही. त्यापेक्षा एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घ्या, एक इकडे, एक तिकडे. आजी इकडून वाचेल आणि मूल तिकडे स्वतःच्या हातातलं पान स्वतःच उलटेल.