आयआर३५: करारातले डिलिव्हरेबल्स कसे लिहायचे, आणि ते कधी वाचवत नाहीत

ब्रिटनमध्ये स्वतःच्या लिमिटेड कंपनीतून कंत्राटी काम करणाऱ्यांत एक समज पक्का आहे: करारात डिलिव्हरेबल्स (पूर्ण करून सुपूर्द करायची ठरावीक कामं) टाकले की काम आयआर३५ या करनियमाच्या बाहेर. तसं होत नाही. एप्रिल २००० पासून लागू असलेला हा नियम एवढंच विचारतो की मधली कंपनी बाजूला काढली तर हा माणूस क्लायंटचा नोकर ठरला असता का. ठरला असता, तर कर नोकरदारासारखा. डिलिव्हरेबल्स हा त्या तपासातला एक पुरावा आहे, आणि तोही प्रत्यक्षात तसंच काम चालत असेल तरच.

आधी निर्णय कोणाचा ते बघा. क्लायंट सरकारी असेल (एप्रिल २०१७ पासून) किंवा मध्यम-मोठी खासगी कंपनी असेल (एप्रिल २०२१ पासून), तर निर्णय क्लायंटचा; त्याने कारणांसह स्टेटस डिटर्मिनेशन स्टेटमेंट, म्हणजे काम आयआर३५ मध्ये येतं की नाही याचा लेखी निर्णय, दिलाच पाहिजे. क्लायंट लहान खासगी कंपनी असेल तर निर्णय तुमच्या कंपनीचा, आणि चुकला तर भुर्दंडही तिचाच.

आता लिहिण्याकडे. 'डेटा मायग्रेशनसाठी साहाय्य आणि क्लायंट सांगेल ती इतर कामं' हे नोकरीचं वर्णन झालं. त्यातले शेवटचे शब्द सर्वांत घातक, कारण तुम्हाला एका कामावरून उचलून दुसऱ्यावर बसवण्याचा हक्क क्लायंटला लेखी मिळतो. त्याऐवजी असं लिहा: 'जुन्या बिलिंग प्रणालीतल्या सर्व चालू ग्राहकांच्या नोंदी नव्या डेटाबेसमध्ये आणणे, दोन्हीकडची नोंदसंख्या आणि थकबाकीची बेरीज जुळवणे, न जुळलेल्या नोंदींची कारणांसह यादी देणे.' कसोटी सोपी आहे. फक्त करार वाचलेल्या तिऱ्हाइताला काम पुरं झालं की नाही हे सांगता आलं पाहिजे.

पैसा कामाला बांधा, दिवसांना नाही. समजा एकूण २४,००० पौंड ठरले: आराखडा मंजूर झाल्यावर ६,०००, चाचणी फेरी यशस्वी झाल्यावर ६,०००, अंतिम स्वीकृतीवर १२,०००. काम लवकर संपलं तरी पूर्ण रक्कम, तुमच्यामुळे लांबलं तर जादा काही नाही. नफा-तोट्याची ही शक्यताच तुम्हाला नोकरापासून वेगळं करते. स्वीकृतीला मुदत घाला: १० कामकाजाच्या दिवसांत लेखी हरकत आली नाही तर काम स्वीकारलं असं समजायचं. हे वाक्य नसेल तर शेवटचं बिल कोणाच्या तरी इनबॉक्समध्ये महिनोन्‌महिने लोंबकळतं. क्लायंटने सर्व्हरचा प्रवेश आणि नमुना डेटा कोणत्या तारखेपर्यंत द्यायचा तेही लिहा, नाहीतर त्याची दिरंगाई तुमच्या माथी येईल.

दुरुस्तीचं कलम बहुतेक जण घाबरून टाळतात, टाळू नका. 'स्वीकृतीनंतर ३० दिवसांत निकषांत न बसणारा दोष आढळल्यास कंपनी तो विनामोबदला दुरुस्त करील' हे वाक्य आर्थिक जोखमीचा चांगला पुरावा आहे. मर्यादा मात्र घाला: क्लायंटची बदललेली गरज म्हणजे दोष नव्हे. तिच्यासाठी वेगळी किंमत आणि वेगळी स्वीकृती असलेली चेंज रिक्वेस्ट, म्हणजे बदलाची लेखी मागणी.

काय हवं आणि केव्हापर्यंत, हे क्लायंटने ठरवणं ठीक. कसं करायचं, किती वाजता बसायचं, हे त्याने ठरवलं की नियंत्रण त्याचं. सुरक्षेचे नियम पाळणं किंवा त्याच्या यंत्रणेवरच काम करावं लागणं एवढ्याने बिघडत नाही.

बिघडतं ते सही झाल्यावर. ठरीव रक्कम लिहिलेली, पण दर महिन्याला टाइमशीटवर ८,००० पौंड काढले जातात: हा वेशांतर केलेला डे रेट, म्हणजे दिवसावारी मोबदला. टीम लीड रोज कामं वाटतो, सुट्टी त्याच्याकडून मंजूर करून घ्यावी लागते, एक काम संपताच 'आता हे घ्या' सुरू होतं. एचएमआरसी, म्हणजे ब्रिटनचं कर खातं, क्लायंटच्या लोकांना थेट विचारतं, आणि तिथे कराराचा गुळगुळीत मसुदा कामी येत नाही. काम छोटं आहे म्हणून सुटू, हाही आधार कच्चा: २०२४ मध्ये फुटबॉल पंचांच्या प्रकरणात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकेका सामन्याच्या करारातही परस्पर बंधन (एकाने काम करायचं, दुसऱ्याने मोबदला द्यायचा) आणि पुरेसं नियंत्रण असू शकतं असं म्हटलं.

त्यामुळे काम आयआर३५ मध्ये येतं का हे तपासणाऱ्या एचएमआरसीच्या सेस्ट या ऑनलाइन साधनात मोबदला कसा ठरतो, दुरुस्ती कोणाच्या खर्चाने, बदली माणूस चालेल का, क्लायंट काम बदलू शकतो का, या प्रश्नांची उत्तरं कराराप्रमाणे नाही, प्रत्यक्षाप्रमाणे भरा. स्वीकृतीचे ईमेल, चेंज रिक्वेस्ट, टप्प्यांची बिलं उत्तरांसोबत जपून ठेवा.

आणि निकाल 'इनसाइड', म्हणजे काम आयआर३५ च्या आत, असा आला तर? मग डिलिव्हरेबल्सचं ओझं तुमच्याच अंगावर पडतं. तुमच्या कंपनीचं बिल भरणारा प्राप्तिकर आणि तुमचं नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक सुरक्षेची वर्गणी) कापूनच पैसे देतो. अम्ब्रेला कंपनीतून (कंत्राटी माणसाला कागदोपत्री नोकरीवर ठेवणारी मधली कंपनी) गेलात तर मालकाच्या वाट्याचं १५ टक्के नॅशनल इन्शुरन्स आणि ०.५ टक्के अप्रेंटिसशिप लेव्ही हा मालकावरचा करही असाइनमेंट रेटमधून, म्हणजे कामासाठी ठरलेल्या दरातूनच जातो. एवढं सोसून वर ठरीव रक्कम आणि विनामोबदला दुरुस्ती कशाला मान्य करायची? कर नोकराचा आणि धोका धंद्याचा, हा सौदा नाकारा. अशा वेळी डे रेट मागा, दुरुस्तीचे तासही बिलात धरा, आणि टप्पे केवळ कामाच्या नियोजनापुरते ठेवा.

क्लायंट ती कलमं काढायला तयार नसेल, तर तीच कलमं त्याच्या निर्णयाविरुद्ध वापरा: जोखीम आमची, दुरुस्ती आमच्या खर्चाने, मग नोकरी कशी? हरकत लेखी द्या, शेवटचं पेमेंट होण्याआधी. ती मिळाल्यापासून ४५ दिवसांत क्लायंटने कारणांसह उत्तर दिलं नाही, तर कर कापून भरण्याची जबाबदारी त्याच्यावर सरकते. म्हणून हरकत पोचल्याची तारीख आणि पोच नीट सांभाळा.