गटागटात क्रम लावताना: टॅब्लो शिकणाऱ्यांसाठी काही अनुभवाचे बोल

टॅब्लो हे आकडेवारीवरून तक्ते आणि आलेख काढणारं सॉफ्टवेअर. ते शिकायला लागलेल्यांना मी शक्य तितक्या लवकर एक काम देते: प्रत्येक गटातल्या वस्तूंना विक्रीनुसार क्रमांक द्या आणि फक्त पहिल्या तीन ठेवा. बार काढणं, रंग भरणं पटकन जमतं. हे काम मात्र टॅब्लो कुठला आकडा कधी मोजतं हे कळल्याशिवाय पुरं होत नाही, म्हणून मला ते मोलाचं वाटतं.

सरावाला टॅब्लोसोबत येणारा सॅम्पल सुपरस्टोअर डेटा पुरेसा आहे. त्यात 3 कॅटेगरी आणि 17 सब-कॅटेगरी आहेत: फर्निचरमध्ये 4, ऑफिस सप्लाइजमध्ये 9 आणि टेक्नॉलॉजीमध्ये 4. कॅटेगरी आणि सब-कॅटेगरी ही दोन्ही डायमेन्शन (गट पाडणारे रकाने) रोज म्हणजे ओळींच्या पट्टीवर ठेवा, विक्री टेक्स्टवर टाका आणि क्विक टेबल कॅल्क्युलेशनमधून (तक्त्यातल्या आकड्यांवर चालणाऱ्या तयार मोजण्यांमधून) रँक, म्हणजे क्रमांक, निवडा. क्रमांक 1 ते 17 असे सरसकट लागतात. आपल्याला हवं होतं ते वेगळं: फर्निचरमध्ये 1 ते 4, मग ऑफिस सप्लाइजमध्ये पुन्हा 1 पासून.

इथे बरेच जण मेनूतले पर्याय एकेक करून दाबत बसतात. पेन डाउनवर (पेन म्हणजे तक्त्यातला एक कप्पा; मोजणी त्यात वरून खाली जाते) आले की आकडे बरोबर दिसतात आणि पुढे जातात. मी त्यांना तिथेच थांबवते. पेन डाउन हा मांडणीवर अवलंबून असलेला पर्याय आहे. उद्या कोणी कॅटेगरी उचलून कॉलम्सवर नेली, तर पेनचा अर्थ बदलतो आणि हिशेबही बदलू शकतो. त्यापेक्षा एडिट टेबल कॅल्क्युलेशन उघडा आणि स्पेसिफिक डायमेन्शन्स निवडा. यादीत फक्त सब-कॅटेगरीवर टिक ठेवा, कॅटेगरीवरची काढा.

टिक केलेली डायमेन्शन्स म्हणजे ज्यांच्यावरून मोजणी चालत जाते ती. टॅब्लो त्यांना ॲड्रेसिंग म्हणतं. टिक नसलेली म्हणजे पार्टिशन, तिथे मोजणी नव्याने सुरू होते. मेनूला हात लावण्याआधी एक वाक्य कागदावर लिहून काढा: ‘प्रत्येक कॅटेगरीत सब-कॅटेगरींचा क्रम, विक्रीनुसार.’ ‘प्रत्येक’च्या पुढे जे येतं त्यावर टिक नाही, ज्याचा क्रम लावायचा त्यावर टिक. हे वाक्य लिहिता येत नसेल, तर अडचण टॅब्लोची नाही. काय विचारायचं आहे तेच अजून ठरलेलं नाही.

याचा फायदा पुढे दिसतो. समजा नंतर रीजन (प्रदेश) हे डायमेन्शन व्ह्यूमध्ये, म्हणजे समोरच्या तक्त्यात, आणलं. त्यावर टिक नसल्यामुळे तेही पार्टिशन होतं आणि क्रम आता प्रत्येक कॅटेगरी आणि रीजनच्या जोडीत लागतो. ‘आकडे अचानक बदलले’ म्हणून घाबरून येणाऱ्यांना मी वाक्य पुन्हा वाचायला लावते. बहुतेकदा उत्तर तिथेच सापडतं.

क्रमांक लागले तरी ओळी क्रमाने मांडल्या जातातच असं नाही. त्यासाठी रँकची पिल (पट्टीवर दिसणारी गोळीच्या आकाराची खूण) डिस्क्रीट, म्हणजे सुट्या मूल्यांची, करा आणि रोजवर कॅटेगरी व सब-कॅटेगरी यांच्या मधोमध ठेवा. प्रत्येक गट आपापल्या क्रमाने लागतो.

आता पहिले तीन. सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. सब-कॅटेगरीच्या फिल्टरमध्ये टॉप नावाचा टॅब आहे आणि तिथे 3 लिहिण्याचा मोह होतो. पण तो फिल्टर गट बघत नाही. तो सगळ्या सब-कॅटेगरींमधून तीनच निवडतो, आणि प्रत्येक कॅटेगरीतून तीन हव्या असतील तर आपल्याला नऊ ओळी हव्यात. म्हणून रँकलाच फिल्टरवर न्यायचं आणि 1, 2, 3 निवडायचे.

टेबल कॅल्क्युलेशन मूळ नोंदींवर चालत नाही. डेटाबेसकडून बेरजा होऊन आल्या की त्यांच्यावर चालतं, आणि त्याच्यावर लावलेला फिल्टर त्याहूनही शेवटी लागतो. त्यामुळे चौथ्या क्रमांकाची ओळ लपते, पण मोजणीत ती होतीच; बाकीच्यांचे क्रमांक हलत नाहीत. साध्या डायमेन्शन फिल्टरचं उलट आहे. तो आधी लागतो, म्हणून फर्निचरमधून खुर्च्या काढल्या की त्यांच्याखालच्या सगळ्यांचा क्रमांक एकाने वर सरकतो. दोन्ही वागणुकी योग्य आहेत. आपल्याला कुठली हवी आहे हे अहवाल मागणाऱ्याला विचारून घ्यावं. ‘ती वस्तू स्पर्धेतच नव्हती असं धरायचं, की फक्त दाखवायची नाही?’ असं विचारलं की लोक नेमकं सांगतात.

बरोबरीचा प्रश्न छोटा, पण दुर्लक्षित. एका गटात 90, 80, 80, 70 असे आकडे आहेत असं धरा. मोठ्यापासून लहानाकडे जाताना रँक देतं 1, 2, 2, 4. रँक डेन्स देतं 1, 2, 2, 3, रँक मॉडिफाइड 1, 3, 3, 4, आणि रँक युनिक 1, 2, 3, 4. पहिले तीन मागितले की रँकने तीन ओळी येतात, डेन्सने चारही. युनिकने ओळींची संख्या पक्की राहते, पण सारख्याच आकड्याच्या दोघांपैकी एकाला मागे टाकलं जातं. माणसांची कामगिरी मांडताना मी ते वापरत नाही. नल म्हणजे रिकाम्या मूल्यांना यापैकी कुठलंच फंक्शन क्रमांक देत नाही, तेव्हा रिकामी ओळ दिसली तर आधी डेटा तपासा.

ज्यांना एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा) येतं त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. रँकच्या पुढच्या ओव्हरमध्ये पार्टिशन बाय आणि ऑर्डर बाय लिहितो, तोच हा विचार. तिथेही व्हेअर (ओळी गाळणारी अट) आधी चालतं आणि रँकसारखं विंडो फंक्शन नंतर, म्हणून ‘क्रमांक 3 पर्यंत’ ही अट बाहेरच्या क्वेरीत लिहावी लागते. नोकरीच्या मुलाखतीची तयारी करत असाल, तर हा प्रश्न दोन्हीकडे सोडवून बघा आणि टॅब्लोमधला प्रत्येक गट एसक्यूएलच्या उत्तराशी ताडून घ्या. ताडताना दोन्हीकडे फिल्टर सारखेच आणि त्याच टप्प्यावर लागले आहेत ना, हे आधी पाहा.